रविवारच्या गटात त्याला बसू दे

सेलू, जि. वर्धा

प्रिय सखी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. लेक नागपूरला डॉक्टरांकडे यायला तयार नाही, वहीत साखरेचे आकडे मनानेच लिहितो, काही विचारलं की खोलीचं दार लावून घेतो. आणि मी सुचवलेल्या, टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या ऑनलाइन गटाबद्दल तू विचारतेस, "सात-आठ पोट्टे एकत्र बसून काय बोलणार? त्यापेक्षा डॉक्टरांनी त्याला एकट्याला अर्धा तास द्यावा ना." फोनवर हे नीट बोलता येत नाही, तो शेजारच्याच खोलीत असतो. म्हणून बसून लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक सांगते. त्याचा एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, वाढला याचा सगळा दोष त्याच्या माथी मारू नकोस. पंधराव्या वर्षी वाढीची संप्रेरकं इतक्या जोरात असतात की तेच इन्सुलिन अंगात कमी काम करतं. दोन वर्षांपूर्वी पुरणारा डोस आता पुरणारच नाही. मुलींची साखर पाळीच्या आधीचे काही दिवस आणखी चढते. त्यात दिवसाला चार सुया, चार-पाच वेळा बोट टोचणं, आणि सुट्टी नाही, सण नाही. वहीत खोटे आकडे लिहिणारी मुलं मी खूप पाहते. त्यातली बहुतेक आईच्या चेहऱ्याला घाबरून लिहितात गं. आकडा २८० आला की घरात जे वातावरण होतं, ते टाळायला ती १४० लिहितात.

आता गट कसा चालतो ते. आम्ही चौघं असतो: डॉक्टर, सिस्टर, समुपदेशक आणि आहाराचं बघणारी मी. महिन्यातून एका रविवारी सकाळी दीड तास. मुलं साधारण एका वयाची, तेरा ते सोळा; कोणी आर्वीचं, कोणी पुसदकडचं, एक पोरगा धारणीच्या पलीकडच्या गावातला. आज काय बोलायचं ते मुलंच ठरवतात, समुपदेशक फक्त गाडी रुळावर ठेवते. बोलणं चालू असतानाच डॉक्टर एकेकाला वेगळ्या कॉलवर घेतात, मीटरमधल्या नोंदी बघतात, डोस बदलतात, आणि ते मूल पुन्हा गटात येतं. म्हणजे तू म्हणतेस तो एकट्याचा वेळ त्याला मिळतोच. फक्त दवाखान्याच्या बाकड्यावर नंबर यायची वाट बघत जी सकाळ जाते, ती इथे गप्पांत जाते. २०२० च्या मार्चमध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले, त्यामुळे व्हिडिओवर बघून सल्ला आणि औषध लिहून देण्याला रीतसर आधार आहे. तेव्हा "हे मोबाईलवरचं काही खरं नाही" हे सासूबाईंचं म्हणणं तू मनावर घेऊ नकोस.

पण ती काय बोलतात, हेच तुला सांगायचं आहे.

मागे एकदा एकाने सांगितलं, शेतात डवरणीच्या वेळी साखर उतरली की तो खिशातलं चॉकलेट खातो, तरी थरथर जात नाही. मी तोंड उघडायच्या आत पुसदकडची पोरगी म्हणाली, "चॉकलेटात तेल-तूप असते, ते उशिरा चढते. तू साधी साखर खा ना, तीन चमचे, पाण्यात टाकून. मंग पंधरा मिनिटं बस अन् पुन्हा तपास." सत्तरच्या खाली गेलं तर पंधरा ग्रॅम साखर आणि पंधरा मिनिटांची थांब, हा नियम मी त्या पोराला समोर बसवून कितीदा समजावला होता. त्या दिवशी त्याने तो मनावर घेतला. दुसऱ्या महिन्यात कॅमेऱ्यासमोर ग्लुकोजची पुडी धरून दाखवली सगळ्यांना.

धारणीकडच्या पोराकडे फ्रिज नाही. त्याने मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, आणि आत कोरड्या डबीत इन्सुलिनच्या बाटल्या, अशी मांडणी अख्ख्या गटाला दाखवली. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि नेमकी तेव्हाच दुपारभर लाइट नसते. फ्रिज असलेल्यांनीही त्याच्याकडून शिकून घेतलं. वर्गात मान खाली घालून बसणारा तो मुलगा त्या दिवशी शिकवणारा झाला. सिस्टरने एवढंच जोडलं की न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांतच ठेवायची, मिळेल तिथे फ्रिज बघायचा. आणि उघडलेली महिनाभरात संपली नाही तर टाकून द्यायची.

आणि एक मुलगी, कुठली ते सांगत नाही. तिच्या घरच्यांनी "पोरीचं लग्न कसं जमेल" म्हणून शाळेत कोणालाच कळू दिलं नव्हतं. ती मधल्या सुट्टीत संडासात जाऊन इन्सुलिन घ्यायची, आणि दार ठोठावलं की न घेताच बाहेर यायची. दुपारी साखर का चढते हे घरात कोणाला कळत नव्हतं. आम्हालाही तिने कधी सांगितलं नाही. गटात दुसरी एक म्हणाली, "मी तं बाकावरच घेतो, पोट्ट्या पाहतात अन् सोडून देतात." तेव्हा ही बोलली. मग समुपदेशक तिच्या आईवडिलांशी बोलली, आईवडील बाईंशी बोलले. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्येच राज्यांना लिहिलं आहे की अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, परीक्षेतही खायला जवळ ठेवू द्यावं. ते पत्र शाळेत दाखवता येतं. तुझ्या लेकाचं दहावीचं वर्ष आहे, तूही मुख्याध्यापकांना आत्ताच भेटून ठेव.

म्हणून माझा आग्रह आहे, त्या दीड तासात तू खोलीत थांबायचं नाही. आईसमोर कुठलंच पोर हे बोलणार नाही. पालकांचा गट त्याच दिवशी संध्याकाळी वेगळा असतो. तिथे तू ये, भाऊजींनाही आण. वडील फार कमी येतात, आणि इन्सुलिनचा खर्च, सोयाबीनचा भाव, पोराचं पुढचं सगळं मनात दाबून तेच जास्त चिडलेले असतात.

तुला भीती आहे की मुलं एकमेकांना वाकडं काही शिकवतील. त्यासाठी आमचे नियम कडक आहेत. मित्राने सांगितलं म्हणून डोस बदलायचा नाही. कोणाचा एचबीए१सी किती, याची स्पर्धा नाही. गटातलं बाहेर जात नाही, स्क्रीनशॉट नाही. आणि कोणी मध्येच "आमच्या इकडच्या वैद्याच्या काढ्याने इन्सुलिन सुटलं" असं काही आणलं, तर डॉक्टर तिथल्या तिथे बोलतात. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन बनवतच नाही, ते थांबवलं तर जीव जातो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत ज्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तो १४ वर्षांचा होता. त्याच्या आधीच्या मुलांकडे जगायचा मार्गच नव्हता. हे ऐकून आमची मुलं गप्प झाली होती. मग एकाने विचारलं, "काकू, तो पुढं किती वर्षं जगला?" आणखी तेरा वर्षं, मी सांगितलं, तेव्हाचं इन्सुलिन आजच्यासारखं शुद्ध नव्हतं, मीटरही नव्हते.

हा प्रकार आमच्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत कोलोरॅडोत आणि पुढे लॉस एंजेलिसच्या मुलांच्या रुग्णालयात डॉक्टरांनी अशा गटभेटी बसवल्या, त्याला टीम क्लिनिक म्हणतात. तरुणांसाठीच्या तिथल्या व्हिडिओ गटांत मुलं भेटींना जास्त नियमित आली, जास्त समाधानी होती. एचबीए१सी मात्र नेहमीच्या उपचारापेक्षा ठळकपणे उतरला नाही. हे तुला मुद्दाम सांगते, कारण तू आकड्याकडे डोळे लावून बसशील. मला स्वतःला वाटतं, या वयात पोरगा उपचारातून सुटून गेला नाही, भेटत राहिला, खरं बोलत राहिला, तर ते फार आहे. आकडा त्यामागून येईल तेव्हा येईल.

व्हिडिओवर सगळं होत नाही, हेही ऐक. एकाच जागी टोचून पोटावर गाठी झाल्या आहेत का, हे डॉक्टरला हाताने चाचपावं लागतं. तशा गाठींत इन्सुलिन गेलं की ते धड लागू पडत नाही. एचबीए१सी दर तीन महिन्यांनी, आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन, थायरॉइड, यासाठी यावंच लागेल. ती भेट कापूस वेचणीच्या आधी उरकून घेऊ, म्हणजे तुमची मजुरीची माणसं अडणार नाहीत. गटातून इन्सुलिन मिळत नाही. पैशाची ओढाताण असेल तर लाजू नकोस, नागपूरचा ड्रीम ट्रस्ट गरीब घरच्या टाइप १ मुलांना मोफत इन्सुलिन देत आला आहे, त्यांच्याकडे जाऊ. आणि उलट्या, पोटात दुखणं, धाप, तोंडाला फळासारखा वास, यातलं काही दिसलं तर गटाची, रविवारची, माझ्या फोनचीही वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढून दवाखाना गाठायचा. खात नाही म्हणून इन्सुलिन बंद करायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव.

त्याला गटाबद्दल सांगताना "तुझ्या भल्यासाठी" हे शब्द वापरू नकोस. एवढंच म्हण की मावशीने विचारलंय, एकदा बसून बघ, नाही आवडलं तर पुढच्या वेळी नको. पहिल्या दिवशी त्याने कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं, बोललाच नाही तरी चालतं. बरीच मुलं पहिल्यांदा नुसती ऐकतात.

शाळा जूनअखेर उघडतील, त्याआधीचा रविवार धरला आहे, सकाळी साडेदहा. मीटरचा सेल बघून ठेव, पट्ट्या असू देत, आणि इअरफोन नक्की घे. घरातल्यांना फक्त त्याचाच आवाज जाईल. रोजचा दीड जीबी सकाळीच रील्समध्ये संपवू नको म्हणावं. तुमच्याकडे रेंज गच्चीवरच येते ना? मग सावलीला एक खुर्ची टाकून दे. लिंक मी त्याच्याच नंबरवर पाठवते, तुला नाही. तुझी संध्याकाळी सहा वाजताची.

तुझीच,
सेलूची मैत्रीण