तीन गोण्यांचं ॲव्हरेज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा पेढे घेऊन आला. वय तेवीस. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात दोन वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. "काकी, स्वतःची पिकअप बुक केली. दीड टनी. सतराचं ॲव्हरेज आहे," म्हणाला. शोरूमच्या पत्रकाच्या पाठीमागे त्याने पेनाने सगळा हिशेब मांडला होता. महिन्याला ३,००० किलोमीटर, लिटरला सतरा, डिझेल नव्वद रुपये, म्हणजे डिझेल सोळा हजारांच्या आत. हप्ता साडेसोळा हजार. विमा, टायर, आईला घरखर्चाला द्यायचे पैसे, सगळं त्यात बसत होतं. मी पेढा तोंडात टाकला आणि फळीवरची वही काढली.

आमचे हे २०२१ पासून स्वतःची पिकअप चालवतात. सासरे माथाडी होते, आयुष्यभर पाठीवर गोण्या वाहिल्या. मुलाने निदान चाकांवर वाहाव्यात म्हणून त्यांनी फंडातले पैसे काढून दिले. डिझेलचा हिशेब ह्यांनी कधी ठेवला नाही. खिशातले पैसे संपले की डिझेल महाग झालं, एवढंच त्यांचं गणित. वही मी घातली. तारीख, मीटरचा आकडा, लिटर, रुपये, किती गोण्या, कुठली खेप, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पंप एकच. नोझल टक् करून थांबलं की बस्स, राउंड फिगर करायला वर आणखी पन्नास रुपयांचं घालायचं नाही, त्याने पुढच्या टाकीचा हिशेब बिघडतो. मीटरचा आकडा हे तळहातावर लिहून आणतात. घामाने शेवटचा आकडा हमखास पुसलेला असतो, मग मी टॉर्च घेऊन खाली जाते आणि काचेतून बघून येते.

आता वही काय सांगते ते लिहिते. तुर्भ्याहून माल भरायचा, ठाणे-बेलापूर रोडने विटावा, कळवा पूल, ठाणे शहर, माजिवडा, कापूरबावडी, मग घोडबंदर रोडने कासारवडवलीपर्यंत किराणा दुकानं आणि हॉटेलांना कांदा-बटाटा टाकत जायचं, आणि रिकामं परत यायचं. हे आमचं रोजचं. या कामाला गाडी जाऊन-येऊन अकरा देते. परवाची टाकी सांगते: ४६२ किलोमीटर, ४१.२ लिटर, ११.२. परतीचं भाडं मिळालं, म्हणजे दोन्हीकडून भरलेली, तर दहाच्या खाली. काशिमिऱ्याची खेप असली आणि गायमुखचा चढ लागला तर नऊच्या आसपास. सतरा हा आकडा माझ्या वहीत एकदाही नाही. सोळाच्या पुढे एकदाच आहे, १६.३, आणि शेऱ्यात लिहिलंय: "गावी. आम्ही दोघं आणि कपाट."

हे कपाट लक्षात ठेवा.

माझा मुलगा ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करतो. त्याला मी एकदा चिडून म्हटलं, की तुझ्या कंपन्या खोटं बोलतात. तर तो म्हणाला, खोटं नाही, तू परीक्षा कशी घेतात ते बघ. साडेतीन टनांच्या आतल्या गाडीची ॲव्हरेजची चाचणी रस्त्यावर होत नाही, रोलरवर होते. गाडी जागच्या जागी, खाली रोलर फिरतात, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-जास्त करायचा. सगळा प्रकार वीस मिनिटांचा, १० किलोमीटरहून थोडा जास्त. सरासरी वेग ३२ च्या आसपास, जास्तीत जास्त ९०. चढ नाही, एसी बंद. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. मग मी विचारलं, आणि माल? तो म्हणाला, गाडीच्या मोकळ्या वजनात सरसकट १५० किलो धरतात. ड्रायव्हर त्यातच.

दीडशे किलो म्हणजे कांद्याच्या तीन गोण्या, आणि त्यातली दीड गोणी ड्रायव्हरच. आमची गाडी पासिंगप्रमाणे, म्हणजे आरटीओने मंजूर केलेल्या वजनाप्रमाणे, तीस गोण्या नेते. (बत्तीस-तेहेतीसही नेते. वहीत खोटं लिहीत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.) तेव्हा मला ते कपाट आठवलं. आम्ही दोघं मिळून सव्वाशे किलो, कपाट चाळीसेक किलोचं. कंपनीची परीक्षा आम्ही नकळत मुंबई-सातारा रस्त्यावर देऊन आलो होतो आणि जवळजवळ पासही झालो होतो. म्हणजे सतराचा आकडा खरा आहे, फक्त तो माझ्या कपाटाचा आहे. कांद्याचा नाही.

मोटारकारवाल्याचं एवढं बिघडत नाही. त्याच्या गाडीत चार माणसं बसली काय आणि एक बसला काय, अर्ध्या-एका किलोमीटरचा फरक. पण पिकअप घेतात ती वजन न्यायलाच. तिचं ॲव्हरेज रिकाम्या हौद्यावर सांगणं म्हणजे हमालाला मोकळ्या हाताने चालायला लावून तो दिवसाला किती चालेल ते ठरवणं.

भाराखेरीज दुसरी गोष्ट जाम. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये कडक निर्बंध होते तेव्हा बाजार सुरू होता आणि रस्ते मोकळे. तीच गाडी, त्याच तीस गोण्या, तोच रस्ता. वहीत त्या दोन महिन्यांत १३.४, १३.६, १३.५ असे आकडे आहेत. आजच्या अकराशी ताडून बघा. लिटरमागे दोन-अडीच किलोमीटर घोडबंदर रोड खातो. मेट्रोच्या कामाने लेन गेल्या, कापूरबावडीला पंधरा पंधरा मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकायचं, आणि दीड टन थांबवून पुन्हा हलवायचं. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की डिझेल देऊन मिळवलेला वेग चाकात जळतो. बाजाराच्या गेटबाहेर तर गाडी जागची हलत नाही आणि इंजिन सुरूच, कारण पुढची गाडी कधीही सरकेल. मीटर एक किलोमीटर पुढे जात नाही, लिटर मात्र जातात.

तिसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. बीएस-सहा, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतल्या गाड्या २०२० पासून आल्या, त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात. ती भरली की इंजिन जास्तीचं डिझेल टाकून ती तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. त्यासाठी गाडी काही वेळ एका वेगाने सलग पळावी लागते. दुकानोदुकानी थांबणाऱ्या गाडीला तेवढी पळ मिळते कुठे? एकदा ऐरोलीजवळ रात्री त्या जाळीचा दिवा समोर लागला आणि गाडीची ताकदच गेली, तीस-पस्तीसच्या वर जाईना. वर्कशॉपने साडेसहा हजार घेतले आणि वर सांगितलं, "गाडी अधूनमधून हायवेला पळवत जा." म्हणजे जाळी साफ राहावी म्हणून रिकामी गाडी पनवेलपर्यंत फिरवून आणायची! त्या टाकीच्या शेऱ्यात मी काय लिहिलंय ते इथे छापण्यासारखं नाही. धूर कमी झाला हे मात्र मान्य. जुन्या गाडीच्या मागे उभं राहिलं की पदराला वास यायचा, या गाडीचा येत नाही.

आमच्या हातात होतं ते आम्ही केलं. केबिनवर हौसेने लावलेला मोठा फळा काढला. ताडपत्री मागून फडफडत राहायची, ती आता कोपऱ्यापर्यंत ताणून बांधतो. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे साठच्या जागी ऐंशीने गेलं तर पावणेदोन पट, हे मुलाने कागदावर करून दाखवल्यापासून हे रात्रीच्या मोकळ्या रस्त्यालाही साठ-पासष्ट सोडत नाहीत. दर सोमवारी हवा. पण एका गोष्टीवरून आमचं वर्षभर भांडण झालं. उतारावर न्यूट्रल टाकायची ह्यांची जुनी सवय, सगळ्याच ड्रायव्हरांची असते, डिझेल वाचतं म्हणून. हल्लीच्या इंजिनात उलट आहे. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिनाला डिझेल जाणंच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन सुरू ठेवायला डिझेल लागतंच. शिवाय दीड टन मागे असताना नुसत्या ब्रेकवर गायमुख उतरायचा म्हणजे काळजात धस्स होतं. "तीस वर्षं गाडी चालवतोय, तू मला शिकवतेस?" म्हणाले. आता शिकलेत. कबूल करत नाहीत.

हे सगळं जमेस धरून पाऊणएक किलोमीटर वाढला असेल. सतरा आणि अकरामधली सहाची दरी त्याने भरत नाही. त्या मुलाचा हिशेब मी त्याच्यासमोर पुन्हा केला. ३,००० किलोमीटरला सतराने १७६ लिटर, अकराने २७३. फरक ९७ लिटर, नव्वदच्या भावाने पावणेनऊ हजार रुपये महिन्याला. त्याच्या हप्त्याच्या अर्ध्याहून जास्त. २०२४ च्या जुलैत सरकारने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत डिझेलवरचा कर २४ वरून २१ टक्क्यांवर आणला, लिटरमागे दोनेक रुपये उतरले. तेव्हा पहिल्या पानावर बातम्या आल्या, आम्हीही खूश झालो. त्या दोन रुपयांनी आमचे महिन्याला साडेपाचशे वाचतात. पत्रकावरच्या एका आकड्यापायी पावणेनऊ हजारांचा खड्डा पडतो त्याची बातमी कुठे येत नाही, म्हणून संपादक महाराज, तुम्हाला लिहिते.

आणि हा आकडा नुसता शोरूममध्ये राहत नाही. भाड्याचा दर ठरवणारा दलाल तोच धरून बसतो. ह्यांनी मागच्या महिन्यात किलोमीटरमागे दोन रुपये वाढवून मागितले तर समोरचा म्हणाला, "तुमच्या गाडीचं ॲव्हरेज सतरा आहे, मी नेटवर बघितलंय." वही दाखवली तर हसला. बाईने घरी लिहिलेली वही, आणि समोर कंपनीचा छापील आकडा.

माझी मागणी फार मोठी नाही. पत्रकावर एकाऐवजी तीन आकडे छापा: मोकळी गाडी, अर्धा भार, पासिंगएवढा पूर्ण भार. मशीन तेच, रोलर तेच, फक्त वजन वेगळं धरायचं. युरोपात आता जी चाचणी आहे तीत मालवाहू गाडीच्या भारक्षमतेच्या २८ टक्के वजन धरतात, असं मुलगा सांगतो. दीड टनाला ते सव्वाचारशे किलोच्या आसपास होतं, आठ गोण्या. तीसच्या मानाने तेही कमीच, पण तीनपेक्षा बरं. शिवाय तिकडे २०२१-२२ पासून नव्या गाड्यांमध्येच खरी खपत नोंदवणारं मीटर सक्तीचं आहे. म्हणजे माझी वही तिकडे गाडीच्या पोटातच असते आणि तिला कुणी हसत नाही. आपल्याकडे प्रवासी मोटारींना २०१७ पासून इंधनखपतीचे नियम आहेत, कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी मर्यादेत ठेवावी लागते. पिकअप त्या नियमात धरलेली नव्हती. जी गाडी दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर डिझेल जाळते तिला मोकळीक आणि रविवारी लोणावळ्याला जाणारीला नियम, याचं कारण मला कुणीतरी समजावून सांगावं.

तुमच्या पेपरात दर शनिवारी नव्या गाड्यांची माहिती येते. पुढच्या वेळी पिकअपबद्दल लिहाल तेव्हा तुमच्या वार्ताहराला एवढंच सांगा, की तुर्भ्याच्या बाजारात तीस गोण्या भरून कासारवडवलीपर्यंत सकाळी नऊ वाजता जाऊन ये, आणि मग आकडा छाप.

तो मुलगा गाडी घेणारच आहे. बयाणा परत मिळत नाही म्हणे. वहीच्या पानांचे फोटो त्याने मोबाइलवर काढून नेले आणि दुसऱ्या दिवशी अकराने नवा हिशेब मांडून आणला. विमा बसला, टायर ओढूनताणून बसले. आईच्या पैशांपुढे त्याने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

आपली नम्र,
एका पिकअपवाल्याची बायको,
कोपरखैरणे, नवी मुंबई

ता. क. पत्र पूर्ण करेपर्यंत आजची टाकी झाली. १०.७. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं होतं, पाऊण तास गाडी जागेवर. शेऱ्याच्या रकान्यात जागा पुरली नाही.