ताई, तुमची ती वही अजून मशीनशेजारीच असते

ताई, नमस्कार.

तुमचं नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून नुसतं ताई. गल्लीतल्या सगळ्यांना कळणारच आहे कोण ते, पण असू दे. त्या दिवशी तुमच्या निरोपाला बोलायला उभी राहिले आणि माईक हातात घेतल्यावर काही सुचलंच नाही बघा, सगळ्या हसल्या, तुम्ही पण. म्हणून हे लिहून टाकतेय. तुम्ही लेकीकडे पुण्याला गेलात, आता इथं सोलापुरात "बिलावर तारीख टाकली का गं" म्हणून ओरडणारं कोणी राहिलं नाही.

लोकांना वाटतं तुम्ही मला गिऱ्हाइकाकडे अडकलेले पैसे मिळवून दिले. दिलेच, पण माझ्या मते ते दोन नंबरला येतं. तुम्ही पहिल्यांदा आमच्या शिवणाच्या वर्कशॉपवर आलात तेव्हा विचारलं होतं, मालक कोण? आणि मी पटकन म्हणाले, हे. म्हणजे आमचे हे. सहा मशीन, एक ओव्हरलॉक, काज-बटणाचं काम बाहेरून, युनिफॉर्मचं कटिंग मी करायची, बायकांची पीसवर मजुरी मी काढायची, कापडाच्या ठाणवाल्याशी भांडायची मी, आणि जीएसटी, लाईटचं मीटर, बँकेचं खातं सगळं यांच्या नावावर. तुम्ही शांतपणे म्हणालात, मग सरकारच्या हिशोबात तू नाहीसच की. मला राग आला होता खरं सांगायचं तर. पण खरंच होतं ना. महिलांसाठी काय काय निघतं, ते मिळायला आधी कागदावर बाई दिसायला पाहिजे.

२०२१ मध्ये धंदा माझ्या नावावर केला. उद्यम रजिस्ट्रेशनला, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीला, मी एका एजंटला १५०० रुपये दिले होते आणि तुम्ही डोक्याला हात लावला, कारण ते फुकट असतं, आधार नंबर टाकून घरी बसून होतं. ते १५०० तुम्ही अजून विसरला नाहीत, प्रत्येक मीटिंगला माझं उदाहरण!

आणि मग ती वही. लांब, लाल पाठीची. एका पानावर चार रकाने, माल कधी दिला, किती रकमेचा, पैसे कधी यायला पाहिजे होते, कधी आले. मला वाटलं हे काय शाळेसारखं, पण भरायला लागले आणि सहा महिन्यांनी पान उघडलं की पोटात गोळा यायचा. युनिफॉर्मचा सीझन म्हणजे फेब्रुवारी ते मे, कापडाचे पैसे १५ दिवसांत द्यायचे, बायकांची मजुरी दर शनिवारी, आणि आमचे पैसे येणार दिवाळीला. मधलं सगळं मी उसन्यावर ओढायची, एकदा पाटल्या पण ठेवल्या होत्या, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं.

तुम्हीच सांगितलंत की २००६ चा कायदा आहे, लहान उद्योगाकडून माल घेतला तर लेखी ठरलं असलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, काही लिहून ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. मी म्हणलं ताई हे खरं असेल तर मी श्रीमंत आहे.

एका पार्टीकडे माझे आठ महिन्यांचे पैसे अडकले होते. नाव नाही घेत, अजून तिथल्या बायका माझ्याकडून पीस नेतात. समाधान पोर्टलवर, थकलेल्या पैशांच्या तक्रारीच्या सरकारी साईटवर, तक्रार आपण दोघींनी बसून टाकली, लाईट गेली होती, मोबाईलच्या उजेडात बिलं स्कॅन केली. दोन बिलं उद्यमच्या आधीच्या तारखेची निघाली, ती धरली नाहीत, तिथं मला रडू आलं आणि तुम्ही म्हणालात रड, पण वहीत लिही. बाकीच्या बिलांचं असं झालं की नोटीस गेल्यावर त्या पार्टीचा मालक स्वतः आला, मुद्दल दोन हप्त्यांत दिलं, व्याज सोडा म्हणाला. मी सोडलं. तुम्ही माझ्याशी चार दिवस बोलला नाहीत. मला अजून वाटतं मी बरोबर केलं, गिऱ्हाईक तुटलं असतं तर त्या सहा बायका काय करणार होत्या, पण तुमचं पण बरोबर होतं, व्याज सगळ्यांनीच सोडलं तर कायदा कशाला.

मग आला २०२४ चा मार्च. आयकरात ते नवीन कलम लागू झालं ना, ४३बी मधलं, की लहान उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही, म्हणजे त्याला कर जास्त. कायदा आपल्या बाजूचाच, पण गिऱ्हाईकं काय म्हणायला लागली? उद्यम रद्द करा म्हणजे कलम लागणार नाही, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे. मला दोन फोन आले. मी जवळजवळ रद्द करणार होते. तुम्ही त्या रात्री स्कूटीवर आलात आणि चहा पण न घेता म्हणालात, आपण मागितलेलं आपणच परत देतोय का? एका गिऱ्हाइकाने ऑर्डर खरंच काढून घेतली. दुसरा मात्र आता ४० दिवसांत पैसे देतो, बिचारा शिव्या देत देत देतो.

आणि ते सरकारला दिलेलं निवेदन! माझ्या आधीच्या कल्पनेत निवेदन म्हणजे साहेबासमोर हात जोडून उभं राहायचं, फोटो काढायचा, घरी यायचं. तुम्ही आम्हा २३ जणींना वह्या घेऊन बोलावलं आणि म्हणालात रडगाणं नको, आकडे आणा. लोणचेवाली, बेकरीवाली, चादरींना काठ शिवणारी, सगळ्यांच्या रकान्यातले दिवस एका कागदावर उतरवले. वर सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट सांगितलीत, १९९७ मध्ये चेतना सिन्हा आणि माणदेशातल्या बायकांनी बँक काढली त्याआधी रिझर्व्ह बँकेने सह्या येत नाहीत म्हणून परवानगी नाकारली होती, आणि त्या बायका परत जाऊन म्हणाल्या, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढू देत, बघू कोण आधी काढतं. आपल्या सोलापूरपासून म्हसवड असं किती लांब आहे हो, तरी मला ही गोष्ट माहीतच नव्हती.

आपल्या मागण्या पण साध्या होत्या. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी २५ टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करायची, त्यातली ३ टक्के बायकांच्या उद्योगांकडून, हे २०१८ पासून आहे. पण टेंडर निघतं एकदम लाखभर पीसचं, सहा मशीनवाली काय भरणार? लॉट लहान करा. उलाढालीची अट आमच्या मापाची ठेवा. थकबाकीच्या तक्रारीच्या तारखेला पुण्याला जावं लागलं तर दिवसाचं काम बुडतं, सुनावणी ऑनलाईन ठेवा. त्या साहेबांनी कागद उलटून पालटून पाहिला आणि विचारलं, हे कुणी केलं? तुम्ही आमच्याकडे बोट दाखवलं. मला त्या बोटाचे आभार मानायचे आहेत, बाकी काही नाही.

लॉट अजून लहान झाले नाहीत, ते तुम्हाला माहीतच आहे. २०२४ ला राज्य सरकारने शाळेच्या गणवेशाचं कापड एकत्र घेऊन बचत गटांकडून शिवायचं ठरवलं तेव्हा आपण किती खुश झालो होतो, आणि मग कापड उशिरा, माप चुकलेलं, पोरं जुन्याच कपड्यात, वर्षअखेरीला परत शाळा समित्यांकडे गेलं. तुम्ही एवढंच म्हणालात, कटिंग टेबलवरच्या एका बाईला तरी विचारलं असतं. तेव्हापासून दुसऱ्या निवेदनात तुम्ही "धोरण ठरवताना शिवणाऱ्या बायकांना बोलवा" हा मुद्दा एक नंबरला टाकलात.

परवा एक मुलगी आली होती, नवीन, नाईटी शिवते, विचारत होती पैसे अडकलेत काय करू. मी म्हणलं मालक कोण? ती म्हणाली, हे.

मी कपाटातून नवी वही काढून दिली, चार रकाने आखून. १५०० चं पण सांगितलं.

मार्चची पानं भरून झालीत, फोटो व्हॉट्सॅपला टाकते. गुडघ्याला शेक घेत जा. युनिफॉर्मचा सीझन संपला की येते, शेंगाचटणी किती आणू ते सांगा, लेकीला तिखट चालतं का ते पण.

तुमची,
व्याज सोडणारी