सईच्या मिशनविषयी

वसई

चि. समीर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सईला चौथीच्या वर्गासाठी कॅलिफोर्नियातल्या मिशनची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करण्यासाठी स्पॅनिश पाद्र्यांनी वसवलेल्या वस्तीची, प्रतिकृती करायची आहे, असे तू काल फोनवर सांगितलेस आणि गेल्या वर्षी आपण पाहिलेले सान हुआन बाउतिस्ता माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. पुठ्ठा, पांढरा रंग, कमानींची ओळ आणि वर घंटा एवढ्यावर ते काम उरकू नये, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

१७६९ साली सान दिएगो येथे पहिले मिशन स्थापन झाले आणि १८२३ साली सोनोमाला एकविसावे. त्यांना जोडणारी सुमारे हजार किलोमीटरची वाट म्हणजे ‘एल कामिनो रेआल’, राजरस्ता. महामार्गाच्या कडेला वाकड्या खांबांवर टांगलेल्या ज्या घंटा सई मोजत होती, त्या मिशनच्या काळातील नव्हेत. वाटेची खूण म्हणून त्या १९०६ पासून लावल्या गेल्या. सांता क्रूझच्या विद्यापीठाने तर अमा मुत्सुन या मूळ रहिवासी लोकांच्या मागणीवरून २०१९ मध्ये आपल्या आवारातील अशी घंटा काढून टाकली, कारण त्यांच्या पूर्वजांचे उठणे, प्रार्थना, शेतातले काम आणि जेवण हे सारे मिशनच्या घंटेला बांधलेले होते. बाप्तिस्मा घेतल्यावर परवानगीवाचून मिशन सोडता येत नसे. पळून गेलेल्यांना सैनिक धरून आणत आणि त्यांना फटके बसत. लग्न न झालेल्या मुलींना रात्री एका वेगळ्या खोलीत कुलूप लावून ठेवत, तिला ‘मोन्हेरिओ’ म्हणत. दाटीवाटीच्या अशा खोल्यांत रोग झपाट्याने पसरत, आणि १८०६ च्या गोवराच्या साथीत कित्येक मिशनांतली मुले मोठ्या संख्येने दगावली.

सान हुआन बाउतिस्ताचे मिशन १७९७ चे. माती व गवत मिसळून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या त्या जाड भिंती आणि वरची नळीची कौले पाहून मला माझ्या आजोळचे घर आठवले होते. चर्चच्या फरशीवरचे जनावरांच्या पंजांचे ठसे सईनेच आपल्याला दाखवले. ओल्या फरश्या बाहेर वाळत असताना रात्री कोणी प्राणी त्यांवरून चालून गेला असणार. ज्या हातांनी त्या फरश्या थापल्या, त्यांचा ठसा मात्र तिथे कुठेच दिसत नाही, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. ते हात भिंतीपलीकडच्या दफनभूमीत आहेत. चार हजारांहून अधिक माणसे त्या लहानशा जागेत पुरलेली आहेत आणि खालून जुन्या राजरस्त्याचा कच्चा तुकडा अजून जातो.

असेन्सिओन सोलोर्सानो या वृद्धेची कबरही तिथेच आहे. मुत्सुन भाषा उत्तम बोलणारी ती शेवटची व्यक्ती. १९३० मध्ये ती वारली, परंतु अखेरच्या आजारपणातही तिने आपली भाषा, औषधी वनस्पती आणि चालीरीती एका अभ्यासकाला सांगून टिपून घ्यायला लावल्या. त्याआधी शंभर वर्षे याच मिशनमधल्या फेलिपे अरोयो दे ला क्वेस्ता या पाद्रीने मुत्सुनचे व्याकरण आणि शब्दसंग्रह लिहिला होता. त्या लोकांचे वंशज आज याच नोंदींवरून आपली भाषा पुन्हा शिकत आहेत. पाद्री आणि मुत्सुन यांची गोष्ट एका रंगात रंगवता येत नाही, हे सईला आताच कळले तरी चालेल.

आपल्या वसईचाही एक धागा तिला सांग. इथे जन्मलेले गोन्सालो गार्सिया आणि मेक्सिकोचे फेलिपे दे हेसुस हे दोघे फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले साधू, १५९७ साली नागासाकीला एकाच दिवशी क्रुसावर गेले; कॅलिफोर्नियाची ही मिशने उभारणारे पाद्री त्याच फ्रान्सिस्कन संघाचे, आणि ते मेक्सिकोहूनच आले होते. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ साली, म्हणजे सान दिएगोच्या मिशनच्या अवघी तीस वर्षे आधी.

तेव्हा सईच्या प्रतिकृतीत मोन्हेरिओची खोली असावी, भिंतीपलीकडे दफनभूमी असावी, आणि मातीत विटा थापणारी दोन-चार माणसेही असावीत. कौलांसाठी पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या चिरून घ्या. फरशीवर पंजाचा ठसा मात्र तिच्याच बोटाने उमटवू दे. पूर्ण झाल्यावर मला फोटो पाठव.

तुझी,
आई