कळशीचं वजन

प्रिय बापू,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या आधीच खाल्ल्या असं समज. गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू आहे. लिहायलोय ते कळशीपायी. तुझ्या हिरव्या वहीतल्या.

हो, तीच. प्लावक बल (बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्याच पाण्याच्या वजनाची वरची उचल), गणित नऊ. पितळी कळशी, वस्तुमान २ किलो, आत १० लिटर पाणी मावतं, पितळेची घनता लिटरला ८.५ किलो. विहिरीत काठोकाठ भरून पूर्ण बुडालेली आहे. दोरावरचा ताण काढा. खाली तुझं उत्तर, ११५.३ न्यूटन. यंदाच्या चाचणीच्या उत्तरसूचीत ते जसंच्या तसं गेलं, अन् एका पोरीनं १७.३ लिहिलं म्हणून तिला शून्य मिळालं. लेका, पोरगी बरोबर आहे!

आता चिडण्याआधी आकडे बघ. नुसतं पितळ धरलं तर वजन २ किलोचं, त्यानं बाजूला सारलेलं पाणी २ भागिले ८.५, म्हणजे ०.२३५ लिटर. उरले १.७६५ किलो, गुणिले गुरुत्वाचे ९.८, झाले १७.३ न्यूटन. पितळ अन् आतलं पाणी एकत्र धरलं तर वजन १२ किलो, सारलेलं पाणी १०.२३५ लिटर. उरले तेच १.७६५. दोन्ही वाटा एकाच गावाला जातात. तू मात्र वजन घेतलंस १२ चं अन् सारलेलं पाणी नुसत्या पितळेचं. एक पाय ह्या बैलगाडीत, एक त्या. गंमत म्हणजे वहीत चित्र बरोबर आहे: कळशीभोवती तुटक रेघ, म्हणजे हिशेबात काय काय धरलं त्याची हद्द, आतल्या पाण्यासकट. "आधी रेघ, मग बाण, मग सूत्र" असं म्हणून माझं डोकं खाणारा तूच ना? रेघ मारलीस अन् पुढच्याच ओळीत विसरलास.

पोरांची दुसरी चूक उलटी आहे. वजन २ किलोचं अन् सारलेलं पाणी १०.२३५ लिटर. ताण येतो उणे ८०.७. त्यावर काट मारून पुढं जाणं मला पटत नाही, कारण ते उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं आहे. रिकाम्या कळशीचं तोंड घट्ट बांधून तिला पाण्याखाली धरून ठेवायचं तर वरून एवढाच जोर लावावा लागेल. आपल्याकडं पोरं पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, त्याचं गणित हेच. ५ लिटरचा डबा पुरा बुडाला तर डब्याचं स्वतःचं वजन वजा जाता ५ किलोपर्यंत उचल देतो. बूच ढिलं असेल तर आत पाणी शिरतं अन् उचल तेवढी कमी होत जाते.

बरं, सूत्र सोडून दाबानं बघितलं तर अजून स्वच्छ दिसतं. (हे तुझंच म्हणणं, वीस वर्षं मी नाकारलेलं. मिरव आता.) भरलेल्या कळशीच्या पत्र्याला आतून अन् बाहेरून, एकाच खोलीवर, पाण्याचा दाब सारखाच. त्यामुळं तो जवळपास कटतो. उरतो तो फक्त पत्र्याच्या जाडीपुरता फरक, अन् तोच ०.२३५ लिटर. आतल्या १० लिटरांना बाहेरच्या पाण्यानं तोलून धरलेलंच असतं, दोराला त्याची खबर नाही. कळशी वर यायला लागली की खबर लागते. गळा निमुळता, तो बाहेर येताना हाताला फारसं कळत नाही. पोट वर येताना दर वितीला लिटरांनी भार वाढतो, अन् दोर निसटतो तो नेमका तिथंच. पुरी बाहेर आली की ताण ११७.६. तुझे ११५.३ त्याच्याजवळचे आहेत, म्हणूनच ते इतकी वर्षं कुणाला खटकले नसावेत.

वर्गात दाखवायचं तर २०० ग्रॅमचा स्टीलचा तांब्या, ताणकाटा अन् बादली पुरते. तांब्या पाण्यात आडवा धरून भरायचा, मग सरळ करायचा. नाहीतर गळ्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो अन् ३० मिलिलिटर बुडबुड्यानं काटा ३० ग्रॅम कमी दाखवतो. बुड बादलीला टेकू द्यायचं नाही. स्टीलची घनता ७.९ धरली तर काटा १७५ ग्रॅमच्या आसपास थांबतो. काटा पाण्यात बुडवणारे महाभागही असतात, तिकडं लक्ष ठेव.

वहीत गणित चौदाही बघ. काठावरची मोटर १० मीटर खालचं पाणी ओढेल, असं तू लिहिलंयस. मोटर ओढते तेव्हा पाणी वर ढकलतो तो हवेचा दाब, अन् त्याची १०.३ मीटरची मर्यादा समुद्रसपाटीची, तीही आदर्श. संभाजीनगर साधारण ५७० मीटर उंचीवर. तिथं हवेचा दाब ९४.७ किलोपास्कलच्या जवळपास, म्हणजे पाण्याचा स्तंभ ९.७ मीटर. पाण्याच्या वाफेचा दाब अन् पाइपातलं घर्षण वजा केलं तर हाती ६–७ मीटर. म्हणून तर शेतकरी मोटर विहिरीत खाली उतरवतो. नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्याचं, मात्र तुझं बरोबर, तो वाद मी हरलो. पाणी मैलभर पसरलेलं असो की वाड्यातल्या आडातलं असो, १० मीटर खाली पाण्यामुळं वाढणारा दाब ९८,००० पास्कलच. फक्त "एकूण दाब" विचारला असेल तर वरच्या हवेचा मिळवावा लागतो, हे तिथं एका ओळीत लिही.

वहिनींची बदली झाली म्हणे, बरं झालं. थोरल्याचं ॲडमिशन कुठं झालं ते कळव. बोअरला पाणी लागलं का?

पोरीचे गुण मी आजच दुरुस्त करायलोय. तिनं चित्रात दोन तुटक रेघा काढल्यात, एक पितळेभोवती, एक पाण्यासकट, अन् दोन्हींनी उत्तर काढलंय. वही इथंच आहे. गणित नऊ मी पेन्सिलीनं खोडू, की तू येऊन पेनानं खोडणार?

तुझाच,
नान्या