विजेत्यालाच दार बंद?

महोदय,

फॉर्म्युला-१ची बातमी क्रीडा पानावर हमखास येते, पण तिथले बहुतेक चालक ज्या तालमीत घडतात त्या फॉर्म्युला-२ची दखल क्वचितच घेतली जाते. सगळ्यांना दलाराची तीच सांगाडा-बांधणी, मेकाक्रोमचे तेच टर्बो इंजिन आणि पिरेलीचे टायर. त्यामुळे 'गाडीच भारी होती' ही सबब तिथे फारशी चालत नाही. त्यात मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या शर्यतीसाठी पात्रता फेरीतले पहिले दहा उलट्या क्रमाने उभे केले जातात, म्हणजे सर्वांत वेगवान गडी दहाव्या जागी! तिथून वाट काढताना ओव्हरटेकिंगची खरी परीक्षा होते.

खटकतो तो एक नियम. हंगामाच्या विजेत्याला पुढच्या वर्षी या मालिकेत उतरता येत नाही. लेक्लेर, रसेल हे विजेते फॉर्म्युला-१मध्ये पोहोचले, ठीक. पण २०२२चा विजेता ड्रुगोविच आणि २०२३चा पूर्शेअर यांना लगेच पुढच्या हंगामात तिथे जागा मिळाली नाही; राखीव चालक म्हणून बसावे लागले. उलट २०२४मध्ये सहावा आलेला अँटोनेली थेट मर्सिडीजच्या फॉर्म्युला-१ संघात! पोरगा गुणी आहे, वाद नाही. पण मग विजेतेपदाला किंमत काय? विजेत्याला जागा मिळाली नसेल, तर निदान परतीची मुभा तरी द्यावी.

आपल्या मुंबईच्या जेहान दारुवालाने २०२२मध्ये इटलीतल्या मोंझाची फॉर्म्युला-२ची मुख्य शर्यत जिंकली होती. किती मराठी वाचकांना ते कळले?

– एक वाचक, ठाणे