भोगीच्या रात्री, जिनिव्हाहून

ती. बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा "बरं" एवढंच म्हणाले आणि फोन आईच्या हातात गेला. त्या "बरं"मध्ये काय काय असतं ते मला चौथीपासून कळतं, म्हणून इथल्या मॉडेल युनोबद्दल सविस्तर लिहितेय. दादा, याचा प्रिंट काढ, अक्षर मोठं ठेव. बाबांना मोबाइलवर डोळे ताणायला लावू नकोस.

आधी खाण्यापिण्याचं, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल. शेंगाचटणी आणि कडक भाकरी एकही तुकडा न पडता पोचल्या. तूप आणि पेढे मात्र मी पुण्यातच काढून ठेवले होते, ते आता सांगते. युरोपबाहेरून येणाऱ्याला दुधाचं किंवा मांसाचं काही स्वित्झर्लंडमध्ये आणता येत नाही, ताजी फळं-भाजीही नाही. सापडलं तर माल जातो आणि वर दंड. पेढे हॉस्टेलच्या मुलींनी संपवले, वाया गेले नाहीत. लोणचं चेक-इनच्या बॅगेत टाकलं, कारण तेल असलेली बरणी हातातल्या सामानात चालत नाही. चटणी कोरडी, तिला कुणी विचारलंही नाही.

खोलीत आम्ही चौघी आहोत, सगळ्या मुलीच. हीटर चोवीस तास चालतो, आंघोळीला कडकडीत पाणी आहे, नळाचं पाणी तसंच प्यायलं तरी चालतं. पांघरायला त्यांची रजई आहे, पण मी आपली चादरच घेते. थंडी शून्याच्या आसपास. त्याचं काही वाटत नाही, पण तळ्यावरून 'बीज' नावाचं वारं सुटलं की कान दुखतात. आईने विणलेली कानटोपी मी घालते, हो, सगळ्यांसमोर. सकाळी आठपर्यंत अंधार असतो. एकटी कुठे जात नाही. ट्रामचा पास राहण्याच्या जागेकडूनच फुकट मिळतो आणि पंधरा नंबरची ट्राम थेट युनोच्या दारात सोडते. आपल्याकडची तीन पिनांची वायर इथल्या भोकात जात नाही, मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर जातो. लॅपटॉपसाठी नवी पेठेतून घेतलेला अडॅप्टर आणला म्हणून निभावलं.

आता बाबा. "लुटुपुटूच्या युनोसाठी एवढे पैसे?" असं तुम्ही म्हणालात, ते माझ्यापर्यंत आलं. (दादावर रागावू नका, मीच खोदून विचारलं.) नोंदणीची अर्धी फी कॉलेजने दिली, तिकीट माझ्या शिकवण्यांच्या पैशातून. व्हिसाचे ९० युरो आणि विमाही त्यातूनच. ३० हजार युरोचं वैद्यकीय कवच असल्याशिवाय ते अर्जच घेत नाहीत. म्हणजे मी इथे आजारी पडले तरी तुमच्यावर भार नाही. आईच्या पोस्टातल्या पैशांना हात लावलेला नाही.

आणि लुटुपुटूची म्हणाल, तर आहेच. इथे कुणीच खरा राजदूत नाही, आम्ही विद्यार्थीच एकेका देशाचे प्रतिनिधी बनतो. पण विषय बघा. आमची समिती आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची, आयएलओची. संघटना १९१९ची, मुख्यालय याच गावात. तिची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली तेव्हा हिंदुस्थानातल्या कामगारांच्या वतीने आपले ना. म. जोशी गेले होते. आम्हाला दिलेला विषय होता घरी बसून काम करणाऱ्या कामगारांचा. तो यादीत दिसला आणि मी अर्ज भरला. आपल्या बोळात दुपारी मांडीवर सूप घेऊन विडीचं पान कापत बसतात त्या सगळ्या अक्का याच वर्गात मोडतात. त्यांच्यासाठी १९९६ साली आयएलओचा करार झालाय, क्रमांक १७७. घरी काम करणाऱ्याला कारखान्यातल्या कामगारासारखीच वागणूक मिळावी, मजुरीत, सुरक्षिततेत, बाळंतपणाच्या संरक्षणात, हे त्याचं सार. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. पण आपला १९६६चा विडी-सिगार कामगार कायदा (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली) घरी विड्या वळणारीलाही कामगार मानत असे.

हे सगळं ठाऊक असून मला बोलता येत नव्हतं, कारण मी इथे फिनलंड आहे. आपला देश सहसा आपल्याला देत नाहीत. भारताच्या पाटीमागे ब्राझीलची एक मुलगी बसलीय आणि अभ्यास करून आलीय, चांगलं बोलते. फिनलंडने हा करार सगळ्यांत आधी मान्य केला, दुसरा आयर्लंड. त्यामुळे माझी बाजू ठरलेलीच होती. यायच्या आधी प्रत्येक देशाचा भूमिका-निबंध पाठवावा लागतो. त्यात आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नसतं, त्या देशाने आजवर काय केलं, कशाला मत दिलं, ते शोधून लिहायचं. "मला वाटतं" असं बोललं तरी चेअर, म्हणजे समितीचा अध्यक्ष, टोकतो. "फिनलंडचं मत असं आहे" म्हणायचं. साडीचंही तेच. फिनलंडच्या पाटीमागे इरकल कशी चालेल? ती शेवटच्या रात्रीच्या जेवणाला नेसणार आहे. दिवसभर कोट.

कामकाज कसं चालतं ते सांगते, बाबा, तुम्हाला आवडेल. रोज सकाळी हजेरी. तेव्हा नुसतं "हजर" म्हणता येतं किंवा "हजर आणि मतदान करणार". दुसरं ऐकायला भारदस्त वाटतं म्हणून नवी मुलं हौसेने तेच म्हणतात. मग शेवटच्या दिवशी अडकतात, कारण तसं म्हटल्यावर ठरावावर तटस्थ राहता येत नाही, हो किंवा नाही म्हणावंच लागतं. त्यानंतर भाषणांची यादी. एका भाषणाला ९० सेकंद. दीडशे शब्द लिहून आणावेत. दोनशे लिहिले की शेवटचा मुद्दा, म्हणजे नेमका मागणीचा, चेअरच्या हातोडीखाली जातो.

यादी कंटाळवाणी झाली की कुणीतरी पाटी वर करून 'मॉड', म्हणजे एकाच मुद्द्यावरची छोटी चर्चा, मागतं. मागताना तीन गोष्टी सांगायच्या: एकूण वेळ, प्रत्येकी वेळ, विषय. दहा मिनिटं, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे दहाच जण बोलणार. ज्याने मागितलं त्याला पहिलं किंवा शेवटचं बोलायला मिळतं, आणि जाणकार शेवटचं घेतो. आणि 'अनमॉड' म्हणजे खुर्च्या सोडून घोळके करायचे. खरं काम तिथेच होतं आणि वेळही तिथेच वाया जातो. ज्याचा आवाज मोठा त्याच्याभोवती वीस जण उभे राहतात आणि लिहीत कुणीच नाही. लॅपटॉप उघडून कोपऱ्यात बसणारी दोन माणसं शोधायची, त्यांच्याजवळ जाऊन बसायचं. ठराव त्यांच्याच हातून निघतो. तुमच्या मागवाल्यांच्या मजुरीच्या बैठकीत ओरडणारे वेगळे आणि कराराचा कागद लिहिणारे वेगळे असायचे, तसंच.

ठराव घरून लिहून आणायला बंदी आहे. एका सामायिक फाइलमध्ये सगळ्यांनी मिळून लिहायचा, आणि तिथे हमखास गोंधळ होतो. पंधरा जण एकदम टाइप करतात, कुणाचं तरी कलम उडतं, मग रुसवेफुगवे. उपाय साधा आहे. फाइल एकाच्या ताब्यात, बाकीच्यांना फक्त शेरे टाकायची मुभा, आणि दर अर्ध्या तासाला एक प्रत वेगळी काढून ठेवायची.

आधी प्रस्तावनेची वाक्यं येतात, मागच्या करारांचे हवाले देणारी. त्यांच्याखाली क्रमांक घातलेली कलमं, म्हणजे काय करायचं ते. "सर्व देशांनी दोन वर्षांत करार मान्य करावाच" असं कलम एका गटाने घातलं. चेअरने परत पाठवलं. मान्यता देणं ज्या त्या देशाच्या हातात, समिती फक्त आवाहन करू शकते. सक्तीची भाषा सुरक्षा परिषदेला शोभते, इतरांना नाही. दुसरी नेहमीची अडचण पैशाची. "प्रशिक्षण केंद्रं काढावीत" हे लिहिणं सोपं, पण खर्च कोण देणार हे त्याच कलमात नसेल तर विरोधी गट पहिला प्रश्न तोच विचारतो आणि अख्खा ठराव पोकळ दिसतो.

फिनलंडने एक कलम घातलं आहे, ते आईने अक्कांना सांगावं. १७७च्या जोडीला १८४ क्रमांकाची शिफारस आहे. तिच्यात म्हटलंय की घरी बनवलेल्या मालात खोट काढून पैसे कापायचे तर त्याचे निकष आधी ठरलेले हवेत. म्हणजे छाटच की! विडी कंपनीच्या शाखेत विड्यांची हजारी मोजताना मुकादम मूठभर बाजूला काढतो आणि का काढल्या ते सांगत नाही, ती छाट. आम्ही लिहिलं: नाकारलेल्या मालाची संख्या आणि कारण लेखी द्यावं, आणि नाकारलेला माल मालकाने ठेवून घेतला तर त्याची मजुरी द्यावी. दुसरा भाग बऱ्याच देशांना जड गेला. मालक-प्रतिनिधींची बाजू घेणाऱ्यांनी दुरुस्ती आणली, तो भाग गाळण्याची. ज्यांनी ठराव लिहिला ते सगळे दुरुस्तीला राजी असतील तर ती आपोआप बसते, एक जरी अडला तर मत घ्यावं लागतं. फिनलंड अडला. उद्या मतदान. दार बंद करतात, मध्ये कुणाला आत-बाहेर जाता येत नाही, साधं बहुमत लागतं. आमची मतं थोडी कमी पडतायत असं दिसतंय. पडलं तर पहिला भाग तरी राहील.

बक्षीस मिळेल का, असं आई विचारणारच. बहुतेक नाही. ते भाषणं गाजवणाऱ्यांना मिळतं.

आता जे लिहायला कचरत होते ते. पुढच्या वर्षी याच समितीची चेअर होशील का, असं आज दुपारी विचारलं आणि मी हो म्हटलं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं हे खरं, पण त्यांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं आणि तुमच्याकडे सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याची धांदल होती, फोन कुणी उचलला असता? चेअरला नोंदणी फी नसते. काम बरंच असतं: विषयाची पंधरा-वीस पानांची पुस्तिका लिहायची, सगळ्यांचे निबंध तपासायचे, नियम तोंडपाठ ठेवायचे. पण ते सगळं घरी बसून होतं, आणि मी ते सोलापुरातच करीन, माळ्यावरच्या खोलीत. परिषद मात्र पुन्हा याच दिवसांत. म्हणजे पुढच्या यात्रेचा गड्डाही माझा चुकणार. दिवाळीला मात्र वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मी हलणार नाही, हे लेखी समजा. आणि परदेशाची ओढ लागली असं मनात आणू नका. कोटणीसांच्या घरासमोर उभं करून "सोलापूरचा माणूस चीनपर्यंत गेला" असं मला कुणी सांगितलं होतं, बाबा?

आज इथे भोगीची भाजी नाही, तीळ लावलेली बाजरीची भाकरी नाही. कडक भाकरी चटणीत चुरून खाल्ली आणि खोलीतल्या तिघींनाही दिली. डोळ्यांतून पाणी काढत त्यांनी संपवली. बाबा, तुमची यात्रेची पांढरी बाराबंदी इस्त्री करून आईने कपाटाच्या दांडीला लावली असेल, आणि मी नसल्यामुळे तिच्या नाड्या कुणी बांधल्या असतील हाच विचार मनात येतोय. तुम्ही अजून उजवी नाडी उलटी बांधता. दादाला सांगा, लाजू नका.

आता ऐका. उद्या होमाला जा, पण नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर पूर्ण चालायचं नाही. होम मैदानाच्या अलीकडे दादा गाडी लावेल, तिथूनच जायचं आणि परतायचं. दारूकाम गच्चीवरून बघा. मोतीबिंदूच्या डोळ्यांना तो लखलखाट आणि धूर दोन्ही वाईट. ऑपरेशनची तारीख गड्ड्यानंतरची घेतलीत ते ठीक, आता ती हलवायची नाही. मी तेव्हा घरी आहे. त्याआधी एक काम कराच: लघवीसाठी रात्री जी टॅमसुलोसिनची गोळी घेता, तिचं पाकीट डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. त्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो, त्यांना आधी माहीत असलं तर ते तयारी ठेवतात. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, बंद केली तरी तो परिणाम जात नाही. साखर तपासून आकडा वहीत लिहा, "ठीक आहे" असं लिहू नका.

आई, थायरॉइडची गोळी चहाबरोबर नाही. उठल्या उठल्या पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. तुला घाई असते म्हणून तू दोन्ही एकदम घेतेस आणि मग "गोळीचा काही उपयोग नाही" म्हणतेस. संक्रांतीचं वाण वाटायला चार घरं कमी झाली तरी चालतील. जिन्यावरून परात घेऊन उतरू नकोस, वहिनीला दे.

फोन तुमच्या रात्री साडेआठला करीन. इथे तेव्हा चार वाजलेले असतात आणि आमची चहाची सुट्टी असते. बाबा, घ्या मात्र फोन. दोन वाक्यं बोललात तरी पुरे.

मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येईन. पहाटेच्या थंडीत कुणी स्टेशनवर यायचं नाही. रिक्षा मिळते.

तुमची,
बाळी

ता. क. तिळगुळाचा माझा वाटा डब्यात काढून ठेवा. दादाला डबा दाखवू नका.