गरज कुणी ठरवायची?

महोदय,

‘गरजा कमी करा’ हा सल्ला हल्ली उठसूट ऐकू येतो. देणाऱ्याचे त्यात काही जात नाही. पण तहान-भूक सोडली तर माणसाच्या कितीतरी गरजा भोवतालचा समाजच ठरवतो. अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ मध्येच हे नोंदवले होते. प्राचीन ग्रीक-रोमनांचे लिननच्या सदऱ्यावाचून काही अडले नाही. पण स्मिथच्या काळातल्या मजुराला तो नसेल, तर चारचौघांत जायची लाज वाटे. म्हणून स्मिथने सदरा गरजेतच धरला.

आज त्या सदऱ्याच्या जागी मोबाइल आहे. खिडकीपाशी उभ्या म्हाताऱ्याला ‘ओटीपी सांगा’ म्हटले, की तो आधी खिसे चाचपतो, मग मागच्या रांगेकडे ओशाळून बघतो. फोन ही त्याची हौस नव्हती. कागदी अर्ज ज्यांनी बंद केले, त्यांनी ती त्याची गरज करून ठेवली. (आणि गरिबाच्या हातात फोन दिसला की नाके मुरडणारेही पुष्कळ!) जाहिरातीतल्या वस्तूला निदान नको म्हणता येते, इथे तीही सोय नाही. सेवा फोनवर न्यायच्या तर खुशाल न्याव्यात, पण फोन नसलेल्यासाठी कागदी अर्जाची एक खिडकी उघडी ठेवावी.

— एक वाचक